रंगूनपर्यंतचा दोरा

मल्लय्यामामांना वाचता येत नव्हतं. कागदावर अंगठा उठवायची वेळ आली की ते डावा पुढे करीत आणि वर सांगत, "उजवा कामाचा हाय." तरीही एकोणीसशे तीस साली सोलापुरात आमच्या पेठेत जगाची खबर सर्वांत आधी कोणाकडे असेल, तर ती त्यांच्याकडे. ती त्यांच्या पानाच्या चंचीत असायची. चंचीत सुपारी, चुन्याची डबी आणि एक दोरा. हातभर लांबीचा, आणि त्यावर दोन-दोन बोटं सोडून रंगीत सुताच्या गाठी मारलेल्या. एक गाठ म्हणजे एक बातमी. पांढरी गाठ चांगल्या बातमीची, तांबडी मरणाची, पिवळी नवलाची. अमावास्येला जुना दोरा संपे आणि नव्या महिन्याला नवा दोरा लागे.

ते तेलुगू विणकर. आमच्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे त्यांच्या मागांची पत्र्याची शेड होती. सात-आठ हातमाग तिथे चालत. धोट्यांचा खटखटाट आमच्या स्वयंपाकघरात दिवसभर ऐकू येई, आणि तो थांबला की आई म्हणे, "जेवायला बसले वाटतं."

माझे वडील, अप्पा, सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मी पुण्याला मावशीकडे राहून मिशनच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झाले होते आणि लग्न जमेपर्यंत घरी होते. अप्पांकडे मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र येई. माझं इंग्रजी गंजू नये म्हणून ते मी दुपारी वाचायचं आणि संध्याकाळच्या चहाला त्यांना मराठीत सांगायचं, असा शिरस्ता होता. परक्या माणसासमोर माझा आवाज फुटत नसे. अप्पांसमोरही तो इतका बारीक निघे की ते बशी खाली ठेवून कान पुढे करीत.

मल्लय्यामामा पहिल्यांदा आले ते आईने सांगितलेली चादर द्यायला. मी तेव्हा अप्पांना विलायतेतल्या एका कोळशाच्या खाणीत पाणी शिरल्याचं सांगत होते. चादर देऊन झाली तरी ते मागच्या दाराशी उभेच. माझं संपल्यावर म्हणाले, "अक्का, ते पानी निघालं का?"

माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस मला अक्का म्हणत होता. मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, "सांग की. तुला विचारतायत."

"उद्याच्या पेपरात कळेल," मी म्हटलं.

"मग मी उद्या येतो."

आणि ते आले. पाणी निघालं नव्हतं, म्हणून परवाही आले. त्यानंतर रोजच येऊ लागले, दुपारी चारला, अप्पा कचेरीतून यायच्या आधी. मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. ते मधल्या पायरीवर बसत, वरच्या पायरीवर कधी नाही. आई पाणी देई. ते पाणी पिऊन मिशा पुसत आणि म्हणत, "बोला अक्का, आज जगात काय?"

मी दाराच्या आत, चौकटीला टेकून. मला त्यांच्याकडे बघावं लागत नसे आणि तेही माझ्याकडे बघत नसत. त्यांची नजर समोरच्या तुळशीकडे असे. कदाचित म्हणूनच मला बोलता येई.

बातमी ऐकताना ते तीन गोष्टी विचारीत. कुठे? किती लांब? आणि तिसरं, "तितले लोक काय विनतात?" हे शेवटचं मला फार जड जाई. चीनचं ठीक होतं, रेशीम म्हणून सुटता येई. पण पेरू देशात काय विणतात, नॉर्वेत काय विणतात, हे कुठल्या मिशनऱ्याने मला शिकवलं होतं? मी शाळेची भूगोलाची जुनी पुस्तकं काढली आणि मामा यायच्या आधी पानं चाळून ठेवू लागले. एकदा मला सापडलं नाही, तेव्हा मी चिडून म्हटलं, "मामा, ते समजून काय करायचं?"

"आमच्या शेडमदी सांगायचं असतं," ते म्हणाले. "राजा मेला म्हनलं तर कुनी मान वर करत न्हाय. तितं लोकरीचं कापड विनतात म्हनलं की सगळे इचारतात, मग राजा कशानं मेला?"

गाठ मारून झाली की ती उजव्या अंगठ्याच्या नखाने दाबून बघत आणि म्हणत, "बसली." तो शब्द झाला की ते उठत.

त्यांचे काही नेम होते. मरणाची बातमी ते दुपारच्या जेवणाआधी कोणाला सांगत नसत. उपाशी माणसाला मेल्याचं सांगितलं की त्याच्या हातून धागा तुटतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्याकडून चारला घेतलेली तांबडी गाठ दुसऱ्या दिवशी दोन वाजेपर्यंत चंचीतच राही. दुसरा नेम, महिना तांबड्या गाठीवर सोडायचा नाही. पिवळ्यावरही नाही. "जितं सोडाल तितनंच फुडचा महिना सुरू हुतो," ते म्हणत. शेवटची गाठ पांढरीच हवी.

त्या वर्षी चैत्राच्या अमावास्येला पांढरं काहीच मिळेना. मी पेपर पुढून मागून वाचला. बाजारभाव, संप, मारामाऱ्या. शेवटी आतल्या पानावर, जाहिरातीच्या वर, एवढंसं आलं होतं की विलायतेतल्या एका प्राणिसंग्रहालयात अस्वलीला दोन पिल्लं झाली. मी ते जरा भीतभीतच सांगितलं.

मामांनी विचार केला. "बाळंतीण सुखरूप हाय न्हवं?"

"हो, तसं दिलंय."

"मग झालं. अस्वल तर अस्वल." आणि त्यांनी पांढरं सूत काढलं.

अमावास्येला विणकर माग चालवीत नाहीत. त्या दिवशी सकाळी शेडच्या अंगणात सगळे जमत, बायका मांडीवर पोरं घेऊन, आणि मामा दोरा हातात धरून एकेक गाठ चाचपत महिन्याचं जग सांगत. मी एकदाच ते ऐकलं. ऐकलं, म्हणजे आमच्या माळवदावर वाळत घातलेल्या सांडग्यांना राखण म्हणून बसले होते, आणि भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता. सगळं तेलुगूत. मला फक्त गावांची नावं कळत होती. पण अस्वलाशी आल्यावर बायका ज्या हसल्या, त्यावरून कळलं की माझी बातमी तिथवर पोचली. माझ्या तोंडून निघालेलं काही इतक्या माणसांनी ऐकलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग वैशाख लागला.

पहिली गाठ पिवळी. आकाशात नवा ग्रह सापडल्याचं आधीच येऊन गेलं होतं. आता त्याचं नाव ठरलं होतं, आणि ते सुचवलं होतं विलायतेतल्या एका अकरा वर्षांच्या मुलीने.

"आत्यानं ठेवायचं नाव पोरीनं ठेवलं?" मामा म्हणाले. "तितं कोन ऱ्हातं?"

"कोणीच नाही."

"मग कापड लागत न्हाय." त्यांनी गाठ मारली, पण ती जरा नाराजीनेच.

मग तांबडी. ब्रह्मदेशात भूकंप झाला. तिकडचे लोक रेशमी लुंग्या विणतात असं मी सांगितलं. "खड्ड्याचे माग असतील, पाय आत सोडून बसायचे, तर मानसं आतच गेली असतील," मामा एवढंच बोलले.

त्याच सुमाराला ती बाई निघाली. विलायतेतली सव्वीस वर्षांची मुलगी, ऑफिसात टाइप करणारी, एकटी विमानात बसून ऑस्ट्रेलियाला निघाली होती. पेपरात रोज तिचा मुक्काम येई. मामांनी तिला एकच पिवळी गाठ द्यायची ठरवली होती, पण मग ती कराचीला उतरली, झाशीला उतरली, कलकत्त्याला गेली, आणि प्रत्येक मुक्कामाला गाठ वाढत गेली. "आपल्या डोक्यावरनं गेली की ओ," ते म्हणाले. सोलापूर त्या वाटेवर नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

पण त्या दिवसांत सोलापुरात दुसरंच चाललं होतं. स्वराज्यवाल्यांच्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. चौक्या जळाल्या. दोन-तीन दिवस गावात पोलीस दिसला नाही, आणि मग लष्कर आलं. मार्शल लॉ पुकारला. पांढरी टोपी घालून बाहेर पडणं गुन्हा झाला. अप्पांनी ट्रंकेतली जुनी काळी टोपी काढली. तिला कापराचा वास येई. आईने पुढचं दार दिवसाही लावून घ्यायला सुरुवात केली. मागचं मात्र चारला उघडं असे.

मामा तरीही येत. दोरा फक्त लांबच्या बातम्यांचा, हाही त्यांचा एक नेम होता. हितलं डोळ्यांना दिसतंय, त्याला गाठ कशाला, असं ते म्हणत. पण गोळीबारानंतर ते आले तेव्हा दोऱ्यावर एक तांबडी गाठ जास्त होती. ती मी दिलेली नव्हती. तेच म्हणाले, "शेजारच्या मागावरचा. बघायला म्हनून गेला हुता." मग पाणी प्यायले, मिशा पुसल्या. "बोला अक्का. बाई कुटं आली?"

बाई रंगूनला आली होती. उतरताना विमान खड्ड्यात गेलं, पंखा मोडला, पंख फाटला. फाटला म्हणताच मामांनी मान माझ्याकडे वळवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"फाटला? पत्रा कसा फाटंल?"

"पत्रा नाही. पंखांवर कापड असतं. ताणून बसवलेलं."

"कापड?"

"हो."

"कापडावर बसून बाई हितवर आली?" ते पायरीवरून उठले आणि पुन्हा बसले. "म्हंजे हे कुना तरी विनकराचं काम हाय की अक्का. किती नंबरचं सूत? ताना सुती की रेशमी? खळ कसली दिली असंल, पावसात टिकायला?"

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि ते भूगोलाच्या पुस्तकातही नव्हतं. मामांनी गाठ मारली. तिच्यावर त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ नख दाबून धरलं. "आता ही पोचली पायजे," म्हणाले. "हा महिना लई वाईट चाललाय. हिच्यावर पांढरी मारून सोडायचा. तुमी तेवढी बातमी मला द्या. दुसऱ्या कुनाकडनं घ्यायची न्हाय मला."

"देईन," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी अप्पांनी पेपर स्वतःच्या कपाटात ठेवायला सुरुवात केली. गावात बातम्या पसरवणाऱ्यांना धरतायत, असं त्यांना कचेरीत कळलं होतं. दुसऱ्या दिवशी चारला आईने मामांना दारातूनच सांगितलं, "थोडे दिवस येऊ नका मल्लय्या. दिवस बरे नाहीत." ते म्हणाले, "व्हय, खरं हाय," आणि गेले. मी आत उभी होते.

त्यानंतर चार दिवसांनी शेडची झडती झाली. गोऱ्या सोजिरांना काही मिळालं नाही. फक्त मामांच्या चंचीत दोरा सापडला, आणि रंगीत गाठी मारलेला दोरा बघून त्यांना वाटलं की ही कसली तरी यादी आहे. मामांना घेऊन गेले.

हे सगळं मला गोपाळरावांच्या तोंडून कळलं. गोपाळराव अप्पांचे कचेरीतले स्नेही. लष्करी साहेबापुढे दुभाष्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. ते रविवारी सकाळी चहाला आले आणि ओसरीवर बसून सांगू लागले. मी माजघरात तांदूळ निवडत होते.

"काय गंमत सांगू तुम्हाला," गोपाळराव म्हणाले. "साहेब विचारतो, ही तांबडी गाठ कोण? हा म्हणतो, ब्रह्मदेशात धरणी हालली ती. ही पिवळी? म्हणतो, आभाळात ग्रह सापडला, त्याचं बारसं. साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, साहेब, मी फक्त भाषांतर करतोय!"

अप्पा हसले की नाही, मला दिसलं नाही.

"दुसऱ्या तांबड्या गाठीला मात्र म्हणाला, हा आमचा, गोळीत गेला. तिथे साहेबाचं तोंड बदललं. मग शेवटची गाठ. हा म्हणतो, विमानवाली बाई रंगूनला पडली ती. आता साहेबाने हे स्वतः पाच-सहा दिवसांपूर्वी पेपरात वाचलेलं! म्हणाला, याला सही करता येत नाही, याला रंगूनचं कोण सांगतं? याच्यामागे कोणी शिकलेला माणूस आहे. त्याचं नाव सांग आणि घरी जा."

"मग?" अप्पांनी विचारलं.

"मग काय! म्हणे, वाऱ्यावर ऐकलं. साहेब म्हणाला, वारा इंग्रजी बोलतो का? तर हा म्हणतो कसा," गोपाळरावांनी मामांचा आवाज काढला, "'बोलतो की सायेब. पन लई हळू बोलतो.'"

गोपाळराव पोट धरून हसले. माझ्या सुपातले तांदूळ तसेच राहिले.

ते गेल्यावर अप्पा माजघरात आले. खुंटीवरची काळी टोपी काढली, परत अडकवली. मग म्हणाले, "तू काही बोलायचं नाहीस."

मी नाहीतरी बोलतच नसे.

"मी जाऊन सांगितलं, तर उद्या मला घरी बसवतील. आणि तुझं नाव लष्करी कचेरीच्या कागदावर चढेल. समजतंय ना? तुझं लग्न व्हायचंय." ते रागाने बोलत नव्हते. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं. "चार दिवसांत सोडतील त्याला. दोऱ्यासाठी कोणी कोणाला कैद करतं?"

दुसऱ्या दिवशी चारला मागच्या पायरीवर रामक्का, मामांची बायको, येऊन बसली. मधल्या पायरीवरच. आई दारात गेली. मी आत, नेहमीच्या जागी, चौकटीला टेकून. फक्त दाराची फळी या वेळी मध्ये होती.

"वैनी," रामक्का म्हणाली, "त्यांनी तुमच्या घरचं नाव घेतलं न्हाय. मीबी घेनार न्हाय. बालाजीची आन. पन अक्का आपन होऊन बोलल्या तर? सायबाच्या भाषेत सांगितलं तर त्याला पटंल की. दोऱ्यात काय हाय ते अक्कांना सगळं पाठ हाय."

आई म्हणाली, "तिला ताप आलाय गं."

रामक्का पदर सावरून उठली. मग म्हणाली, "बरं. ताप उतरंल तवा इचारा."

आईने तिला सुपात ज्वारीचं पीठ दिलं. ती गेल्यावर पाहिलं तर सूप पायरीवर तसंच होतं.

मला ताप नव्हता. आणि दोरा मला पाठ होता, हे खरं. आजही आहे. त्या दुपारी मी दार उघडून बाहेर आले असते तर पुढे काय झालं असतं, हे मी नंतर कितीतरी वेळा मनाशी बोलून पाहिलं आहे, इंग्रजीतही. साहेबापुढे म्हणायची वाक्यं माझ्याकडे तयार आहेत. तेव्हाही होती. अप्पांनी अडवलं हे कारण खरं आहे, पण पुरतं नाही. मला भीती वाटली ती साहेबाची नव्हे, खोलीभर माणसांत उभं राहून आवाज काढण्याची. एवढ्या लहान भीतीपायी एक माणूस आत राहिला.

मामांना सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

तो निकाल कळला त्या आठवड्यात अप्पा अंघोळीला गेलेले असताना मी त्यांचं कपाट उघडलं. वरच्याच पेपरात होतं. ती ऑस्ट्रेलियाला पोचली. तेवढा चौकोन मी कात्रीने कापला आणि इंग्रजी डिक्शनरीत ठेवला. कपाटातल्या पेपराला भोक पडलेलं अप्पांनी पाहिलं असणार, पण कपाटाला त्यांनी कुलूप लावलं नाही. वैशाखाच्या अमावास्येला मी माळवदावर गेले. शेड बंद होती. अंगणात कोणी नव्हतं, पाच माणसांनी एकत्र जमायला बंदीच होती.

मार्शल लॉ उठला. पांढऱ्या टोप्या पुन्हा दिसू लागल्या, अप्पांची मात्र काळीच राहिली. थंडीत मामा सुटून आले. मला ते आवाजावरून कळलं. शेडमधला एक माग बाकीच्यांपेक्षा हळू, मधेच अडत चालू लागला होता. मी रोज चारला मागचं दार उघडून उभी राही. ते आले नाहीत. एकदा आईबरोबर देवळात जाताना ते बोळात समोरून आले. आम्हाला पाहताच भिंतीकडे तोंड करून फेटा सारखा करायला लागले, आम्ही पुढे जाईपर्यंत. आई म्हणाली, "ओळखसुद्धा दिली नाही बघ." तो राग होता की अजूनही ते माझं नाव झाकत होते, हे मला समजलं नाही.

चादर घेऊन आता दुसराच विणकर येऊ लागला. आईने त्याला सहज विचारलं, "मल्लय्या अमावास्येला बातम्या सांगतात का हो अजून?"

"न्हाय की," तो म्हणाला. "पहिला दोरा सरकारात जमा झाला. त्यांनी तसलाच दुसरा केला, गाठीला गाठ. चंचीत घेऊन फिरतात. लोक म्हनतात, नवा महिना सुरू करा की मामा. तर म्हनतात, माझा वैशाख अजून संपला न्हाय."

जेलात तर शिकलेली माणसं भरलेली होती. बाई पोचली का, एवढं कोणीही सांगितलं असतं. शहरभर कोणीही सांगितलं असतं. त्यांनी कोणाला विचारलंच नव्हतं. त्या विणकराच्या हाती चार शब्द पाठवणं मला जमण्यासारखं होतं. मी दाराआड उभी राहिले आणि तो पैसे घेऊन गेला.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. वऱ्हाड गेलं आणि सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. टांग्यात पुढे अप्पा, मागे मी आणि माझे यजमान, पायाशी ट्रंक. टांगा विणकरांच्या गल्लीतून वळला आणि थांबला. सकाळची वेळ, गल्लीत पांजणी चालली होती. रस्त्याच्या लांबीने, बांबूंच्या घोड्यांवर, चाळीस-पन्नास हात लांबीचा ताणा ताणलेला. त्याला खळ लावून दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे ओढत होती. ओली सुतं उन्हात चकाकत होती. टांगेवाला ओरडला, "ओ भाई, जरा बाजू लेव जी!" कोणीतरी म्हणालं, "थांब की बाबा, सूत वाळू दे जरा."

पलीकडच्या बाजूने कुंचा ओढत मल्लय्यामामा येत होते. पाठीत वाकले होते. त्यांनी टांगा पाहिला, मला पाहिलं, आणि मान खाली घालून कुंचा ओढत राहिले. उजव्या हाताने नाही, डाव्या. उजवा अंगठा सरळ, लाकडासारखा उभा होता. जेलात खडी फोडायला लावतात, हे मला ठाऊक होतं.

टांगेवाल्याने घोडा मागे घ्यायला सुरुवात केली.

"मल्लय्यामामा," मी म्हटलं. आवाज बारीकच निघाला. मग मी दुसऱ्यांदा बोलले, आणि तो गल्लीभर गेला. "मामा, ती बाई पोचली. वैशाखातच पोचली. अमावास्येच्या आधी."

अप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांची मान मात्र ताठ झाली. माझे यजमान माझ्याकडे बघू लागले; माझा आवाज त्यांनी तोवर नीटसा ऐकलेलाच नव्हता. गल्लीतले कुंचे थांबले. सगळ्यांना आता कळलं होतं की वारा कुठून यायचा. त्या बोलण्याला काहीच धाडस लागत नव्हतं, हे मी जाणते. मार्शल लॉ उठून वर्ष होत आलं होतं, माझं लग्न झालं होतं, आणि गाडीची वेळ झाली होती.

मामा ताण्यापलीकडे उभे राहिले. माझ्याकडे न बघता, ओल्या सुतांकडे बघत म्हणाले, "कापड टिकलं म्हना की."

"टिकलं," मी म्हटलं.

त्यांनी कुंचा काखेत धरला. धोतराला हात पुसले, चंची उघडली, दोरा काढला. टांगा वळत होता, म्हणून मला पुढचं तुकड्या-तुकड्यांत दिसलं. ताण्याच्या कडेला लोंबणारी एक पांढरी दशी त्यांनी तोडून घेतली. ती दोऱ्यावर आणली. अंगठा वाकेना. मग दोऱ्याचं एक टोक त्यांनी दातांत धरलं, डाव्या हाताने सूत फिरवलं आणि मान मागे नेऊन गाठ ओढली.

अंगठ्याच्या नखाने ती दाबून बघायची जुनी सवय. तो ताठ अंगठा त्यांनी गाठीवर ठेवला. ओठ हलले. तोवर घोड्याने पाय उचलला होता आणि चाकं दगडांवर वाजू लागली होती. ते बसली म्हणाले की नाही, मला ऐकू आलं नाही.